गृहपाठ तपासणारा कोण, ते आधी बघा

ऑनलाइन कॉलेज-कोर्सांचा विषय निघाला की लोक प्राध्यापकांची नावं सांगायला लागतात. अमुक विद्यापीठाचे तमुक सर, ऐकाच म्हणे एकदा. मी दुसऱ्यांचे हिशेब तपासून पोट भरते, त्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: यात गृहपाठ आहे का, आणि तो तपासतं कोण? व्याख्यानं आता ढीगभर मिळतात, फुकट मिळतात, आणि बहुतेक चांगलीच असतात. चांगलं व्याख्यान ऐकताना सगळं समजतंय असं वाटत राहतं. खरं काय ते कागदावर पेन टेकवल्यावर कळतं.

माझी पदवी कॉमर्सची. ऑफिस सुटल्यावर गणित, प्रोग्रॅमिंग, तत्त्वज्ञान, इतिहास, भौतिकशास्त्र अशा सगळ्या विषयांत हात मारून पाहिला आहे. यातलं काहीही मला बढतीसाठी लागत नाही, म्हणून कुणाची भीड न ठेवता लिहिते.

सुरुवात गणितापासून करते, कारण माझ्या मते ऑनलाइन शिकायला सगळ्यात सोयीचा विषय तोच. अमेरिकेतल्या एमआयटीने 2001 मध्ये जाहीर केलं की आमच्या कोर्सांचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं करणार. त्यातून ओपनकोर्सवेअर उभं राहिलं. नाव नोंदवायचं नाही, पासवर्ड नाही, पैसे नाहीत, प्रमाणपत्रही नाही. त्यातला 18.06 क्रमांकाचा कोर्स म्हणजे गिल्बर्ट स्ट्रँग यांचा लिनियर अल्जिब्रा. व्हिडिओ 1999 सालचे, चित्र जरा धुरकट, आणि पडद्यावर फक्त फळा, खडू आणि एक माणूस. स्ट्रँग सर 2023 मध्ये निवृत्त झाले, पण माझ्यासारख्यांसाठी ते अजून रोज संध्याकाळी वर्गावर असतात.

पहिल्याच तासाला ते फळ्यावर दोन समीकरणं लिहितात. 2x वजा y बरोबर 0, आणि वजा x अधिक 2y बरोबर 3. शाळेत आपण काय करतो, दोन रेषा काढतो, त्या कुठे छेदतात ते बघतो आणि मोकळे होतो. तेही आधी तसंच करतात. मग म्हणतात, आता ओळींकडे बघू नका, स्तंभांकडे बघा. पहिला स्तंभ (2, -1), दुसरा (-1, 2). पहिला किती घ्यायचा आणि दुसरा किती घ्यायचा, म्हणजे बेरीज (0, 3) येईल? पहिला एकदा, दुसरा दोनदा. उत्तर तेच, x एक आणि y दोन, पण प्रश्न पार बदलून गेलेला असतो. आता तो रेषांच्या छेदाचा राहिलेला नसतो, कशात काय किती मिसळलं की काय तयार होतं याचा झालेला असतो. पुढचे पस्तीसेक तास याच एका नजरेवर उभे आहेत. मी आयुष्यभर आकड्यांचे स्तंभ बघत आले, पण स्तंभाकडे असं बघायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

तरीही मी हा कोर्स सुचवते तो व्याख्यानांसाठी नाही. याची 18.06एससी नावाची आवृत्ती आहे, एकट्याने शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम बांधलेली. प्रत्येक भागाला गणितं आहेत, उत्तरं आहेत, शिवाय साहाय्यक शिक्षक फळ्यापाशी उभं राहून एखादं गणित सोडवून दाखवतात असे छोटे व्हिडिओ आहेत. त्यात ते गणित सांगतात आणि म्हणतात, आता व्हिडिओ थांबवा, स्वतः करा, मग परत या. थांबवणं आपल्या हातात असतं आणि नेमकं तिथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. थांबवलंत तर कोर्स झाला, नाही थांबवलंत तर नुसता कार्यक्रम पाहिलात. प्रश्नपत्रिकाही उत्तरांसकट आहेत. तपासायचं आपलं आपणच. माझ्या धंद्यात स्वतःचं काम स्वतः तपासू नये असा नियम आहे, पण गणितात ते जमून जातं, कारण उत्तर आलं की समीकरणात घालून ताळा करता येतो.

प्रोग्रॅमिंगमध्ये तपासायला यंत्रच बसवलेलं असतं, आणि ते कुणाला दयामाया दाखवत नाही. हार्वर्डचा सीएस50 हा या बाबतीत मला सगळ्यात प्रामाणिक कोर्स वाटतो. डेव्हिड मॅलन यांची व्याख्यानं म्हणजे रंगमंचावरचा प्रयोगच. टेलिफोन डिरेक्टरी मधोमध उघडायची, हवं ते नाव कुठल्या अर्ध्यात येईल ते ठरवायचं, उरलेला अर्धा टराटरा फाडून फेकायचा आणि पुन्हा मधोमध उघडायची. हजार पानांतून नाव सापडायला दहाच फाडाफाडी पुरतात, हे डोळ्यांनी दिसतं. टाळ्या पडतात. मग आठवड्याचा गृहपाठ उघडतो आणि टाळ्या थांबतात.

पहिल्या आठवड्याला, म्हणजे त्यांच्या मोजणीत. ते शून्यापासून मोजतात, शून्यात स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायची भाषा, आणि एकपासून सी भाषा. तर या पहिल्या आठवड्याला मारिओ नावाचा प्रश्न आहे. वापरणाऱ्याने उंची द्यायची आणि प्रोग्रॅमने # या चिन्हांचा उजवीकडे टेकलेला पिरॅमिड छापायचा. ऐकायला पोरखेळ. लिहून झाला की चेक50 हा आदेश द्यायचा. यंत्र एकेक कसोटी लावतं: फाइल आहे का, कंपाइल होते का, उणे एक दिलं तर नाकारते का, शून्य दिलं तर नाकारते का, आकड्याऐवजी अक्षर दिलं तर काय करते. पास झाली त्या ओळीपुढे हिरवं हसरं तोंड, नापास झाली तिथे लाल रडकं. पिरॅमिड डोळ्यांना अगदी बरोबर दिसत असतो आणि ओळीच्या शेवटी एक जादा स्पेस पडलेली असते. लाल तोंड. पैशापर्यंत ताळेबंद जुळल्याशिवाय सही न करणारी मी. मला तर हे यंत्र पहिल्या दिवसापासून आवडलं.

पुढे तो कोर्स चांगलाच चढा होत जातो. तिसऱ्या आठवड्यात मतमोजणीचा टाइडमन नावाचा एक प्रश्न आहे. त्याला सोपा पर्याय दिलेला आहे. संध्याकाळी थकून भागून बसणाऱ्यांनी तो घ्यायला काही हरकत नाही, मीही तोच घेतला. मेमरीच्या आठवड्यात माझ्या ओळखीतले बरेच जण गळाले. जे तिथून पार झाले त्यांना पुढे पायथॉन आल्यावर सुट्टी लागल्यासारखं वाटलं. 2023 पासून त्यांनी एक एआय बदकही, म्हणजे मदतनीस चॅटबॉट, दिलं आहे. बदकाला अडचण सांगायची, ते उलट प्रश्न विचारतं, पण उत्तर तयार करून देत नाही. बाहेरचे चॅटबॉट मात्र वापरायला बंदी. सगळे गृहपाठ आणि शेवटचा प्रकल्प पुरा केला की सीएस50 स्वतःचं प्रमाणपत्र फुकट देतं. एडएक्स या कोर्सांच्या प्लॅटफॉर्मचं, ओळख पडताळून दिलेलं हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे. सुरुवातीला अनेकांना वाटतं की पैसे भरल्याशिवाय यात काही मिळत नाही. तसं नाही.

आता मानव्यविद्या. इथे माझं मत जरा कडू आहे, पण आधी गोड ते सांगते. येल विद्यापीठाने 2007 मध्ये ओपन येल कोर्सेस सुरू केले: वर्गातली व्याख्यानं जशीच्या तशी चित्रित, प्रत्येकाची लिखित प्रत, वाचनयादी. मृत्यू या विषयावर शेली केगन यांचा कोर्स आहे. ते टेबलावर मांडी घालून बसतात आणि पहिल्याच तासाला सांगून टाकतात, की माझं मत असं आहे, आत्मा वगैरे नाही, अमरत्व मिळालं तर ते चांगलं नव्हे. तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही, पण न पटण्याची कारणं नीट मांडा. मग प्लेटोचे युक्तिवाद एकेक करून उलगडतात, प्रत्येकाला आधी होता होईल तेवढा भक्कम करतात आणि मगच त्याचा कच्चा सांधा दाखवतात. समोरच्याची बाजू आधी मजबूत करून घ्यायची ही सवय मी तिथून उचलली, आणि ऑफिसातल्या बैठकांत ती कामी येते. डोनाल्ड केगन यांचा प्राचीन ग्रीसचा इतिहास आहे (दोघांचं आडनाव सारखं, माणसं वेगळी), तो चालता-फिरता ऐकायलाही छान. भौतिकशास्त्रात राममूर्ती शंकर आहेत. त्यांच्या कोरड्या विनोदांसाठी तरी बघा.

हार्वर्डचा मायकेल सँडेल यांचा जस्टिस हा कोर्स पाहिला नसेल तर मानव्यविद्येत तिथून सुरुवात करा. ब्रेक फेल झालेली ट्रॉली पाच कामगारांवर चालून येते आहे, बाजूच्या रुळावर एकच आहे, तुम्ही वळवाल का? बहुतेक सगळे हात वर होतात. मग म्हणतात, आता तुम्ही पुलावर उभे आहात, शेजारी एक जाडजूड माणूस वाकून बघतोय, त्याला ढकललं तर ट्रॉली थांबेल. हात खाली. पाचाच्या बदल्यात एक, हा हिशेब तोच आहे ना, मग काय बदललं? मुलं बोलतात, अडखळतात, एकमेकांना खोडतात. पुढे 1884 सालचा खराखुरा खटला येतो, भरसमुद्रात भरकटलेल्या होडीत तिघांच्या जिवासाठी केबिन बॉयला मारल्याचा. तिथपर्यंत आलेल्या माणसाला आपलं कालचं उत्तर नकोसं झालेलं असतं. हे काम नुसत्या व्याख्यानाने होत नाही, समोर भरलेला वर्ग लागतो. आपण तो पडद्यातून बघतो, हात वर करतो तो घरच्या खुर्चीत बसून, आणि आपल्याला कुणी खोडत नाही.

कडू आहे ते इथेच. तत्त्वज्ञान, इतिहास, साहित्य या विषयांचा खरा गृहपाठ म्हणजे निबंध, आणि निबंध तपासायला माणूस लागतो. येलच्या पानावर निबंधाचे विषय मिळतात, पण लिहून पाठवायचा कुणाला? मोठ्या प्लॅटफॉर्मांनी यावर तोड काढली ती अशी की विद्यार्थ्यांनीच एकमेकांचं तपासायचं. अशाच एका ठिकाणी, नाव घेत नाही, मी जीव तोडून निबंध लिहिला. एकाने शेरा मारला "छान", दुसऱ्याने काहीच न लिहिता पूर्ण गुण दिले, तेही माझा निबंध एकदा वाचायला लागेल त्याहून कमी वेळात. माझ्याकडे तपासायला आलेल्या निबंधांपैकी एकात फक्त एक टिंब होतं. फाइल जोडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, म्हणून टिंब. वर विनंती, कृपया पास करा. मी नापास केलं आणि का ते सविस्तर लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर इतर तपासनिसांच्या कृपेने टिंब उत्तीर्ण.

आता तर त्या रांगेत चॅटबॉटने लिहिलेले निबंध येतात आणि शेरेही त्याच सुरात येतात. यंत्राने लिहिलं, यंत्राने वाखाणलं, मधल्या दोन माणसांना पत्ता नाही. माझा सल्ला सरळ आहे. मानव्यविद्येचे कोर्स ऐकण्यासाठी घ्या, भरपूर घ्या, पण निबंध लिहिणार असाल तर तो वाचून भांडणारा एखादा माणूस स्वतः शोधा. माझी एक मैत्रीण वाचते माझं लेखन. शाळेत शिकवते, लाल पेन हाताशी असतं, आणि तिच्याकडे "छान" हा शेरा अजून कुणाला मिळालेला नाही.

पैसे घेणाऱ्या कोर्सांबद्दल एक तक्रार राहिलीच. एका प्लॅटफॉर्मवर प्रत्येक व्हिडिओनंतर चार पर्यायांची चाचणी, आणि ती कितीही वेळा द्यायची मुभा. चुकलं तर तेच प्रश्न परत. चार पर्याय, चार फेऱ्या, कुणीही पास. माझी भाची अर्जांसाठी प्रमाणपत्रं जमवत होती. तिला म्हटलं, यात तू काय शिकलीस? ती म्हणाली, "मावशी, सर्टिफिकेट तर तेच येतं ना?" तिचं चूक नाही. ज्याने ती चाचणी बनवली त्यालाही तेवढंच अपेक्षित होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

पैसे भरल्याने माणूस कोर्स पुरा करतो का, याचे आकडे आहेत. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरच्या कोर्सांचा अभ्यास जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-वालिएंते यांनी 2019 मध्ये सायन्स या नियतकालिकात छापला. 2017-18 मध्ये नाव नोंदवणाऱ्या सगळ्यांपैकी 3.13 टक्के लोकांनी कोर्स पुरा केला. पडताळणीचे पैसे भरलेल्यांत हेच प्रमाण 46 टक्के. निम्म्याहून अधिक लोक नाव नोंदवून वर्गात डोकावलेच नाहीत. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणावं तर इथे एक दिवसही नाही. पण पैसे भरा म्हणजे पुरा होईल असा अर्थ त्यातून काढू नका. पुरा करायचाच असं ठरवलेला माणूस पैसे भरतो, हेही तितकंच शक्य आहे. 2011 मध्ये स्टॅनफर्डच्या एआयच्या कोर्सला 1,60,000 लोकांनी नावं दिली, 2012 मध्ये कोर्सेरा आणि एडएक्स हे प्लॅटफॉर्म आले, तेव्हा आता विद्यापीठांची गरज संपली असंच लिहिलं जात होतं. विद्यापीठं आहेत तिथेच आहेत. त्यांच्याकडे वेळापत्रक आहे, आणि गृहपाठ आणला नाही तर विचारणारं माणूस आहे.

म्हणून भाचीला मी एनपीटीईएलकडे वळवलं. आयआयटी आणि आयआयएस्सी यांनी 2003 मध्ये सुरू केलेलं हे काम. देखणेपणाच्या नावाने तिथे आनंद आहे, काही प्राध्यापक स्लाइड जशीच्या तशी वाचतात. पण दर आठवड्याला ठरलेल्या तारखेला असाइनमेंट, तारीख गेली की गेली, आणि प्रमाणपत्र हवं तर शेवटी केंद्रावर जाऊन देखरेखीखाली परीक्षा. असाइनमेंटला 25 टक्के वजन, परीक्षेला 75. तिने आधी कुरकुर केली, मग रात्री जागून अभ्यास केला. प्रमाणपत्रावरचे गुण भरभरून नाहीत, पण ते तिचे आहेत आणि त्यातला प्रत्येक तिला समजावून सांगता येतो.

पूर्ण पदवीच ऑनलाइन हवी असेल तर जॉर्जिया टेकची संगणकशास्त्रातली मास्टर्स बघा. 2014 पासून चालू आहे आणि कॅम्पसवर शिकणाऱ्याला मिळते तीच पदवी मिळते. ती करणाऱ्यांकडून ऐकलं आहे त्यावरून सांगते, नोकरी सांभाळून करायची तर शनिवार-रविवार विसरा.

प्रयोगाच्या विषयांत फार आशा ठेवू नका. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावरचे प्रयोग, सुंदर आहेत, विद्युतमंडल पडद्यावर जोडता येतं, दिवा लागतो. पण खऱ्या तारेचं टोक सैल राहिलं म्हणून तासभर डोकं खाजवण्यात जे शिक्षण आहे ते तिथे नाही. रसायनशास्त्राचं तर बोलायलाच नको.

एक छोटा कोर्स मात्र कुठलाही विषय घ्यायच्या आधी करून टाका: बार्बरा ओकली आणि टेरेन्स सेजनोव्स्की यांचा लर्निंग हाउ टू लर्न. 2014 पासून कोर्सेरावर आहे, व्हिडिओ छोटे, गृहपाठ किरकोळ. त्यातली एक गोष्ट मी लगेच उचलली: पान वाचून झालं की ते झाकून आठवून बघायचं. पुन्हा पुन्हा वाचण्याने ओळख वाढते, आठवण नाही. खाली पिवळ्या रेघा ओढण्याचा सोस असणाऱ्यांना हा कोर्स फारसा आवडणार नाही.

आणि जे आवडेल ते उतरवून ठेवा. 2016 मध्ये कोर्सेराने जुना प्लॅटफॉर्म बंद केला तेव्हा शेकडो कोर्स एका फटक्यात दिसेनासे झाले. एडएक्स 2021 मध्ये खासगी कंपनीने विकत घेतलं, आणि त्या कंपनीने 2024 मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. जाळ्यावरचं कायमचं असतं हा समज सोडा. ओपनकोर्सवेअरवर कोर्सचं साहित्य झिप फाइलमध्ये घेता येतं, गणितं, उत्तरं सगळं; व्याख्यानांचे व्हिडिओ तेवढे वेगळे उतरवायचे. माझ्या हार्ड डिस्कवर 18.06 आहे आणि शेजारी 18.02, देनी ऑरू यांचा अनेक चलांचा कॅल्क्युलस. सुरुवातीला व्हेक्टर आहेत, ते स्ट्रँगकडे झाले आहेत, त्यामुळे पहिल्या भागातली गणितं मी थेट परीक्षेच्या वेळेत सोडवून बघणार आहे. अडले तर मागे जाऊन व्याख्यान ऐकेन.